टॉमी डग्लस: पाद्रीपण सोडलं, की तेच पुढे नेलं?

गव्हाळ

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं झाली, आम्ही कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहरात राहतो. गेल्या मार्चमध्ये धाकट्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्रीचा दीड, बाहेर उणे २६. इंजिन गोठू नये म्हणून इथे हिवाळ्यात गाडीच्या हीटरची वायर रात्रभर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवतात. ती काढायला हातमोजा उतरवला तेवढ्यात बोटं लाकडासारखी झाली. मागच्या सीटवर पोरगं गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होतं. अर्ध्या वाटेत एकदम गप्प झालं. म्हणालं, "आई, आता दुखत नाहीये." मला हायसं वाटलं. डॉक्टर नंतर म्हणाले, तेव्हाच फुटलं असणार.

ऑपरेशन झालं, मग सहा दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. घरी सोडायच्या दिवशी मी बिलाची खिडकी शोधत होते. माझ्या बाबांना गावाकडे एका दवाखान्यात डिपॉझिट भरेपर्यंत स्ट्रेचरवर ताटकळत ठेवलं होतं, ते मनातून जात नाही. नर्सने पोराचं हेल्थ कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, झालं, आता घरी जा. पार्किंगचे पैसे भरले, तेवढेच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी सूप घेऊन आल्या. शेतकरी घरातल्या, नव्वदीला टेकलेल्या. कार्डाचा विषय निघाला तर म्हणाल्या, "हे टॉमीचं." कोल्हापुरात धरणाकडे बोट दाखवून म्हातारी माणसं 'हे शाहू महाराजांचं' म्हणतात ना, अगदी त्या सुरात. मग मी वाचायला लागले आणि वाचतच गेले.

टॉमी म्हणजे थॉमस क्लेमेंट डग्लस. १९०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कला जन्म. वडील ओतारी कामगार. १९१० मध्ये कुटुंब कॅनडात विनिपेगला आलं. हा बाप्टिस्ट पाद्री झाला आणि १९३० मध्ये रेजायनापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या वेबर्न गावच्या चर्चमध्ये रुजू झाला. पाच वर्षांत खासदार. १९४४ मध्ये प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपला मुख्यमंत्री. विधानसभेच्या ५२ पैकी ४७ जागा त्याच्या पक्षाला मिळाल्या. उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं लोकशाही समाजवादी सरकार. ही धरून लागोपाठ पाच निवडणुका जिंकून १९६१ पर्यंत तो त्या पदावर होता. आज कॅनडात सगळ्यांना असलेल्या सरकारी आरोग्य विम्याचं मूळ त्याच्या या प्रांतात आहे.

वेबर्नला पाद्री असताना त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी केला होता. अपेंडिक्स फुटून गेली. डॉक्टरच मिळाला नाही. ही आठवण तो पुढे अनेकदा सांगायचा. मी ते वाचत होते तेव्हा आमचं पोरगं शेजारच्या खोलीत टाके खाजवत पडलं होतं.

तर माझा प्रश्न. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की डग्लसने चर्च सोडून राजकारण धरलं. मला वाटतं त्याने काहीही सोडलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

नीलमोहर

काटा आला अंगावर. लेक कसा आहे आता?

गव्हाळ

छान आहे गं, परत हॉकी खेळतोय.

हाडवैद्य_नागपूर

ताई, "आता दुखत नाहीये" हे वाक्य इतर पालकांनीही लक्षात ठेवावं. अपेंडिक्सचं दुखणं अचानक थांबलं तर ते बरं होणं नव्हे.

डग्लस यांच्या आयुष्यातली दुसरी वैद्यकीय गोष्ट माझ्या विषयातली आहे, म्हणून सांगतो. स्कॉटलंडमध्ये असतानाच ते पडले आणि उजव्या गुडघ्याला लागलं. त्यातून हाडात संसर्ग झाला, ज्याला आम्ही ऑस्टिओमायलायटिस म्हणतो. हाडाच्या आत पू होतो. पेनिसिलिन यायला अजून तीस वर्षं होती. तेव्हाचा उपाय म्हणजे हाड उघडायचं, मेलेला तुकडा काढायचा, जखम वाहती ठेवायची आणि वाट पाहायची. महिने जात. पुन्हा फुटलं की पुन्हा तेच. जमलं नाही तर पाय कापायचा.

विनिपेगमध्ये पाय कापायचं ठरतच आलं होतं. घरी पैसा नाही, पोर धर्मादाय वॉर्डात. तिथून जाताना एका नामवंत अस्थिशल्यविशारदाची नजर पडली. आईवडिलांना म्हणाले, माझ्या विद्यार्थ्यांना बघू देणार असाल तर मी फुकट शस्त्रक्रिया करतो. पाय वाचला.

मी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात शिकवलं. विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन खाटेपाशी उभा राहायचो तेव्हा पुष्कळदा हा प्रसंग आठवायचा. डग्लस त्या सर्जनचे उपकार आयुष्यभर मानत होते. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष उपकाराचा नव्हता. आपला पाय वाचला तो केवळ एक मोठा डॉक्टर त्या दिवशी त्या वॉर्डातून गेला म्हणून. मुलाचा पाय राहणार की जाणार हे बापाच्या खिशावर ठरता कामा नये, हे त्यांनी तिथून उचललं.

या पायाने त्यांना आणखी एकदा वाचवलं. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले होते. विनिपेग ग्रेनेडिअर्स ही तुकडी हाँगकाँगला निघाली तेव्हा पायामुळे त्यांना मागे ठेवलं. १९४१ च्या डिसेंबरात ती सगळी तुकडी जपान्यांच्या हाती पडली.

चक्रपाणी

इंग्रजीत पाद्रीलाही मिनिस्टर म्हणतात आणि मंत्र्यालाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक, चाकर. प्रीमियर झाल्यावर पहिली पाच वर्षं डग्लसने आरोग्य खातं स्वतःकडे ठेवलं होतं, म्हणजे तो दोन्ही अर्थांनी मिनिस्टर. धाग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं.

रानवाटा

वा चक्रपाणी! हे सुचलंच नव्हतं.

अभ्यासू कासव

छान धागा. थोडं सविस्तर लिहितो.

डग्लस एकटा नव्हता. १९ व्या शतकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये 'सोशल गॉस्पेल' नावाचा विचार रुजला. मेल्यावरच्या स्वर्गाचं बोलण्याआधी या गल्लीतल्या उपाशी पोराचं बोला, असा त्याचा रोख. विनिपेगच्या नॉर्थ एंड भागात जे. एस. वुड्सवर्थ हा मेथडिस्ट पाद्री 'ऑल पीपल्स मिशन' चालवायचा, स्थलांतरित कामगारांसाठी. लहानपणी डग्लस तिथे जायचा. हाच वुड्सवर्थ पुढे खासदार झाला आणि १९२६ मध्ये अल्पमतातल्या सरकारला पाठिंबा देताना त्याने वृद्धांसाठी पेन्शनची अट घातली. १९२७ चा कायदा त्यातून आला. सत्तरीपुढच्या गरजूंना महिना २० डॉलरपर्यंत. डग्लसचा कॉलेजमित्र स्टॅन्ली नोल्स, तोही आधी पाद्री, मग कित्येक दशकं खासदार. सीमेपलीकडे अमेरिकेत नॉर्मन थॉमस, प्रेस्बिटेरियन पाद्री. समाजवादी पक्षाकडून सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. ही सगळी एका वाटेवरची माणसं.

दुसरी गोष्ट १९१९ ची. विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप झाला, तीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी मेन स्ट्रीटवर जमावावर गोळ्या झाडल्या, दोघे गेले. चौदा वर्षांचा डग्लस एका इमारतीच्या छपरावरून हे बघत होता.

आता मूळ प्रश्न. १९३४ ची प्रांतिक निवडणूक डग्लस हरला होता. पुढच्या वर्षी संसदेसाठी उभं राहायचं की नाही यावर त्याचं ठरत नव्हतं. दुसरीकडे मोठ्या चर्चचं बोलावणंही होतं. तेवढ्यात बाप्टिस्ट संघटनेचा एक अधिकारी येऊन सांगून गेला की राजकारण सोडलं नाहीस तर कॅनडात तुला पुन्हा चर्च मिळणार नाही. डग्लस सांगायचा, त्या धमकीनेच माझं ठरलं. म्हणजे 'सोडलं' म्हणायचं झालं तर व्यासपीठ सोडलं असं म्हणा. उपदेश तोच राहिला.

खिळेजुळारी

कासवराव, त्या विनिपेगच्या दिवसांतलं एक राहिलं. डग्लस छापखान्यात उमेदवारी करून लायनोटाइप चालवायला शिकला होता. माझे आजोबा पुण्यात बुधवारात कंपोझिटर होते, म्हणून हे वाचताना जरा हललो. आजोबा हाताने खिळे जुळवायचे. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने केसमधून अक्षर उचलायचं, तेही उलटं आणि आरशातलं. लायनोटाइपवर कळ दाबली की साचा खाली येतो आणि वितळलेल्या शिशातून अख्खी ओळ ओतून निघते. तापलेलं भांडं तासन्‌तास शेजारी.

आजोबा म्हणायचे, कंपोझिटर मालकापेक्षा जास्त वाचतो, कारण त्याला प्रत्येक अक्षर वाचावंच लागतं. डग्लसची वाक्यं छोटी आणि ठाशीव असायची असं म्हणतात. मला त्यात छापखाना दिसतो.

रानवाटा

आणि बॉक्सिंग! १९२२ मध्ये मॅनिटोबाचा लाइटवेट विजेता. नाक मोडलं, दात गेले, अंगठा दुखावला. पुढच्या वर्षी किताब राखला. ज्या पायाची आशा सोडली होती त्या पायावर उभा राहून!

गव्हाळ

सगळ्यांचे आभार. कासवदादा, ती धमकीची गोष्ट मला माहीत होती, पण दुसऱ्या चर्चच्या बोलावण्याचं डोक्यात नव्हतं.

वेबर्नची ती वर्षं कशी होती ते थोडं सांगते, त्याशिवाय हा माणूस कळत नाही. गव्हाचे भाव कोसळले आणि त्याच वेळी पाऊस गेला. वरची माती वाऱ्याने उडायला लागली. आमच्या आजी सांगतात, ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि जेवण वाढायच्या क्षणी उलटायची, नाहीतर धूळ. खिडकीच्या फटीत ओल्या चिंध्या. दुपारी दिवा लावावा लागायचा. चर्चमध्ये वर्गणी येणं बंद झालं. डग्लस कपडे, अन्न मिळेल तिथून गोळा करून वाटत होता. शेजारच्या एस्टेव्हानला कोळसा खाणकामगारांचा संप झाला, १९३१ च्या सप्टेंबरात पोलिसांच्या गोळीबारात तीन खाणकामगार गेले. डग्लसने संपकऱ्यांच्या घरी मदत पोचवली आणि चर्चमध्ये त्यावर प्रवचन केलं. गावातली प्रतिष्ठित मंडळी नाराज झाली.

पूर्वेकडच्या प्रांतांतून रेल्वेच्या वाघिणी भरून मदत यायची. सफरचंदं, भाज्या, आणि खारवून वाळवलेला कॉड मासा. समुद्र कधी न पाहिलेल्या या लोकांना तो मासा कसा खायचा तेच कळेना. आजी म्हणतात, आईने तसाच कढईत टाकला, चामडं चावल्यासारखा लागला. कोणी तर तो छपराला ठोकला म्हणे!

सुकटबोंबील

अरेरे! गव्हाळताई, हे ऐकून जीव कळवळला हो. खारवलेला मासा आधी भिजत घालायचा असतो. रात्रभर पाण्यात, दोन-तीनदा पाणी बदलायचं, नाहीतर मीठ उतरतच नाही. आमच्याकडे मालवणात खारा बांगडा असाच करतात. मग पिळून, काटे काढून, कांदा नि कोकमावर परतायचा. गरम भात आणि तो मासा, पावसाळ्यात दुसरं काही लागत नाही.

उपाशी माणसाच्या दारात अन्न आलं आणि ते कसं शिजवायचं हे सांगायला सोबत कोणी नाही! मदत नुसती पाठवून भागत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं दाखवणार.

नीलमोहर

सुकटदादा, खाऱ्या बांगड्याची अख्खी पाककृती वेगळ्या धाग्यात टाका ना, प्लीज.

तिरपा डोळा

मी थोडा विरोधी सूर लावतो. डग्लस मोठाच, पण सगळं श्रेय एकाला देणं मला पटत नाही.

एक. सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांनी डग्लसच्या खूप आधी स्वतःची व्यवस्था उभी केली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तिथल्या ग्रामीण पालिका कर गोळा करून पगारी डॉक्टर ठेवत होत्या. चार-पाच पालिका मिळून एक रुग्णालय चालवायच्या. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट भागाने सगळ्यांसाठी वैद्यकीय योजना सुरू केली, प्रांताच्या सोळा वर्षं आधी.

दोन. १ जुलै १९६२ ला मेडिकेअर, म्हणजे प्रांताचा सरकारी वैद्यकीय विमा, सुरू झालं तेव्हा डग्लस प्रीमियर नव्हताच. त्याच्याच पक्षातून घडलेल्या नव्या एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) पक्षाचा राष्ट्रीय नेता होऊन तो १९६१ मध्ये बाहेर पडला होता. कायदा मंजूर करून घेतला आणि डॉक्टरांचा संप अंगावर घेतला तो वुड्रो लॉईडने. हा शाळामास्तर. त्याला शिव्या, धमक्या, सगळं मिळालं. पुतळे मात्र डग्लसचे.

तीन. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे. १९३३ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेल्या एम. ए. च्या प्रबंधात डग्लसने 'कमी प्रतीच्या' कुटुंबांतल्या लोकांना वेगळं ठेवावं, काहींची नसबंदी करावी, असं सुचवलं होतं. वेबर्नमधल्याच काही बायकांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा अभ्यास करून. ज्या गावात तो प्रवचन द्यायचा तिथल्याच बायका. मग पाद्रीपण पुढे नेलं म्हणताना हेही त्यात धरायचं का?

गव्हाळ

तिरपा डोळा, तिसरा मुद्दा मला ठाऊक होता आणि पहिल्या पोस्टमध्ये मी तो टाळला. टाळायला नको होता.

अभ्यासू कासव

तिसऱ्या मुद्द्याचं समर्थन होऊच शकत नाही. त्या काळी तो विचार विद्यापीठांत आणि चर्चमध्येही सर्रास होता, हे खरं. शेजारच्या अल्बर्टात १९२८ पासून नसबंदीचा कायदा होता, तो १९७२ पर्यंत टिकला. ब्रिटिश कोलंबियात १९३३ मध्ये झाला. पण काळावर ढकलून त्या बायकांचं काही भलं होत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९३६ मध्ये डग्लस जर्मनीला गेला आणि नाझींचं राज्य डोळ्यांनी पाहून आला. प्रबंधातल्या त्या कल्पना त्याने नंतर कधीही उचलल्या नाहीत. १९४४ मध्ये तो प्रीमियर आणि आरोग्यमंत्री दोन्ही झाला. हातात पूर्ण बहुमत. त्याच्यासमोर नसबंदीची शिफारस आली तेव्हा त्याने ती बाजूला सारली. सस्कॅचेवानात तो कायदा झालाच नाही. १९४७ मध्ये त्याने नागरी हक्कांचा कायदा केला, कॅनडातला तसा पहिला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्याही दीडेक वर्ष आधी. वंश, धर्म यांवरून नोकरी-घर नाकारता येणार नाही, असं त्यात होतं. १९६० मध्ये मूळनिवासींना प्रांतिक निवडणुकीत मताधिकार दिला.

माणूस चुकला आणि चुकीचं राबवायची ताकद हातात आली तेव्हा त्याने उलट केलं. माफी मागितल्याचं मोठं भाषण नाही, पण कृती आहे.

तिरपा डोळा

कृती आहे, मान्य. पण 'चुकलो' हा शब्द पाद्रीच्या तोंडून ऐकायला मला आवडला असता.

गव्हाळ

मलाही.

माई_कऱ्हाड

नमस्कार. मी या विषयात नवखी आहे, पण वाचताना सारखे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे डोळ्यांसमोर येत होते. प्रार्थना समाजाचे प्रचारक. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ धर्माचा तौलनिक अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. शाळा, वसतिगृहं. कुटुंब घेऊन वस्तीजवळ राहिले. त्यांचंही लोक म्हणत, धर्मप्रचार करायचा तर हे काय चाललंय? ते म्हणत हाच धर्मप्रचार. त्यांच्या वाट्याला सत्ता आली नाही, एवढाच फरक. सत्ता आली असती तर काय झालं असतं, हा विचार करत बसले आज दुपारभर.

आणि त्या प्रांतात गव्हाचा सहकारी 'पूल', म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून गहू विकायची संस्था, होती ना १९२४ पासून? आमचे हे साखर कारखान्यात होते. डग्लसच्या पक्षाच्या नावातच 'को-ऑपरेटिव्ह' आहे हे वाचून बरं वाटलं.

अभ्यासू कासव

माई, नमस्कार. शिंद्यांची आठवण अगदी चपखल. आणि हो, को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, स्थापना १९३२, कॅल्गरी. शेतकरी, कामगार आणि समाजवादी एकत्र आले. सहकाराची सवय असलेले शेतकरी हाच सस्कॅचेवानात त्याचा पाया.

हाडवैद्य_नागपूर

डॉक्टरांच्या संपाबद्दल एका डॉक्टरने लिहायला हवं.

डग्लस यांनी डिसेंबर १९५९ मध्ये रेडिओवरून योजनेची तत्त्वं सांगितली. पैसे आधी भरलेले, सगळे सामील, दर्जा चांगला, चालवणारी संस्था लोकांना जबाबदार, आणि घेणाऱ्याला नि देणाऱ्याला दोघांनाही मान्य. १९६० ची निवडणूक याच मुद्द्यावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने पैसा उभा करून विरोधात प्रचार केला आणि तरी सरकार निवडून आलं.

१ जुलै १९६२ ला प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीच्या रुग्णांसाठी काही रुग्णालयं तेवढी चालू. पहिल्याच दिवशी एक नऊ महिन्यांचं बाळ दगावलं, आईबाप गाडीतून डॉक्टर शोधत होते. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले. काही गावांत लोकांनी स्वतःचे सामुदायिक दवाखाने काढले. ११ जुलैला रेजायनात विधानभवनासमोर विरोधकांची सभा झाली, ती अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघाली. २३ दिवसांनी, २३ जुलैला सास्काटूनला समझोता झाला. ब्रिटनचे लॉर्ड टेलर मध्यस्थ होते.

डॉक्टरांची भीती काय होती? आपण सरकारी नोकर होऊ, कारकून आपल्याला औषध लिहायला शिकवेल. ती अगदीच निराधार नव्हती. समझोत्यात त्यांना स्वतंत्र व्यवसाय आणि दर सेवेमागे फी कायम मिळाली. आजही कॅनडातले बरेच डॉक्टर सरकारी नोकर नाहीत, पैसे देणारं सरकार आहे. एक-दोन वर्षांत त्याच डॉक्टरांना कळलं की आता बिल बुडत नाही.

पण त्या बाळापुढे मला माझ्या व्यवसायाची बाजू मांडवत नाही. मीही तरुणपणी एका संपात सामील होतो. तेव्हा वॉर्डात जे पाहिलं ते विसरलेलो नाही.

रानवाटा

डॉक्टर, इतकं खरं लिहिल्याबद्दल आभार.

टोरांटोची काकू

सगळं छान आहे, पण आजचंही बोला ना. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची वाटी बदलायची होती, चौदा महिने थांबलो. फॅमिली डॉक्टर मिळायला दोन वर्षं. आणि भारतातून आईवडील भेटायला आले तर त्यांना हे कार्ड नसतं, हे नवीन येणाऱ्यांनी पक्कं ध्यानात ठेवा. आमच्या ओळखीत एकांच्या सासऱ्यांना इथे हार्ट अटॅक आला, प्रवासी विमा काढला नव्हता. त्या बिलाचे हप्ते अजून चालू आहेत. औषधं आणि दात बऱ्याच जणांना स्वतःच बघावे लागतात, हेही सांगा.

गव्हाळ

काकू, अगदी बरोबर. आमचे सासू-सासरे आले तेव्हा तिकिटाआधी विमा काढला. आणि वाट पाहणं इथेही आहे. शेजारच्या आजींचा मोतीबिंदू कित्येक महिने रखडला.

दातांचं आणि औषधांचं तर डग्लसही म्हणायचा. बिलाची अडचण दूर करणं हा पहिला टप्पा, लोक आजारीच पडू नयेत हा दुसरा, आणि तो जास्त अवघड. तो दुसरा टप्पा राहून गेला याची खंत त्याने म्हातारपणी जाहीरपणे बोलून दाखवली होती.

तिरपा डोळा

मी विरोधात लिहिलं असलं तरी एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्याच दिवशी सगळं फुकट अशी घोषणा डग्लसने केली नाही. प्रांत कर्जात बुडालेला होता. आधी कर्ज फेडत गेला, वर्षामागून वर्षं अंदाजपत्रक जमाखर्च जुळवून मांडलं. म्हणायचा, बँकांच्या मुठीत राहिलो तर कुठलीच सुधारणा करता येणार नाही. १ जानेवारी १९४७ ला रुग्णालय विमा आणला, माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०. वैद्यकीय विम्याला मग पंधरा वर्षं थांबला. मधल्या काळात शेतावर वीज, रस्ते, सरकारी वाहन विमा, सास्काटूनला नवं वैद्यकीय महाविद्यालय. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रदेश आणि वस्ती नऊ लाखांच्या आसपास. तिथे एकेका घरापर्यंत विजेचे खांब नेणं म्हणजे काय, विचार करा.

रानवाटा

त्याच्या सभांचा एक किस्सा सांगू का? शेतात सभा होती, व्यासपीठ नव्हतं. शेणखत पसरायच्या गाडीवर चढून त्याने सुरुवात केली की विरोधी पक्षाच्या व्यासपीठावरून बोलायची ही माझी पहिलीच वेळ! माणूस बुटका, मोडलेलं नाक, आणि पोट धरून हसवायचा. उंदरांची गोष्टही तो नेहमी सांगायचा. उंदीर दर निवडणुकीत कधी काळ्या मांजराला निवडून देतात, कधी पांढऱ्या. कायदे चांगले असतात, पण मांजरांसाठी चांगले. एका उंदराला वाटतं आपण उंदरांनाच का निवडू नये, तर त्याला बोल्शेव्हिक म्हणून तुरुंगात टाकतात. मूळ गोष्ट त्याच्या सहकाऱ्याची, नोव्हा स्कोशियाच्या क्लॅरी गिलिसची, पण गाजवली याने.

आणि पोलीस खरंच त्याच्या मागावर होते. गुप्तचरांनी त्याच्यावर अकराशेहून जास्त पानांची फाइल ठेवली होती. त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी ती लोकांना कळली.

खिळेजुळारी

हॉलिवूडचा नट कीफर सदरलँड त्याचा नातू ना? मुलगी शर्ली हिचा मुलगा.

गव्हाळ

हो, तोच.

अभ्यासू कासव

डग्लसच्या राष्ट्रीय राजकारणाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. १९६२ च्या जूनमध्ये, मेडिकेअर सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी, तो रेजायनातच खासदारकी हरला. संतापाची लाट होती. मग ब्रिटिश कोलंबियातून निवडून आला. देशाचा पंतप्रधान कधीच झाला नाही, पक्षाच्या जागा पंचवीसच्या आतच राहिल्या. पण एमेट हॉल या न्यायमूर्तींच्या आयोगाने १९६४ मध्ये सस्कॅचेवानसारखी योजना देशभर करावी असं सांगितलं. हॉल याच प्रांतातले आणि राजकीयदृष्ट्या डग्लसच्या विरुद्ध बाजूचे. १९६६ मध्ये कायदा झाला, १९७२ पर्यंत सगळे प्रांत आत आले.

१९७० च्या ऑक्टोबरात क्वेबेकमध्ये अपहरणं झाली आणि ट्रुडो सरकारने युद्धकाळातला कायदा लावून नागरी हक्क गोठवले. सगळा देश सरकारच्या मागे होता. डग्लस आणि त्याच्या पक्षाच्या बहुतेक खासदारांनी विरोधात मत दिलं. पुष्कळ शिव्या खाल्ल्या. गव्हाळताईंच्या प्रश्नाला मी हे उत्तर म्हणून देईन. मतं जाणार हे दिसत असताना उभं राहून बोलायचं, हे तो वेबर्नमध्ये एस्टेव्हानच्या खाणकामगारांसाठी शिकला होता.

माई_कऱ्हाड

त्यांना सगळेजण टॉमीच म्हणत का हो? आपण मुख्यमंत्र्याला असं एकेरी हाक मारून बोलू शकत नाही, म्हणून विचारते.

गव्हाळ

हो माई, सगळेच. आजी तर भाऊ असल्यासारख्या बोलतात. १९८६ मध्ये कर्करोगाने गेला, तेव्हा आजींच्या घरी दोन दिवस रेडिओ बंद केला नव्हता.

गव्हाळ

(दहा दिवसांनी लिहितेय.) मंडळी, शनिवारी वेबर्नला जाऊन आलो. डग्लसचं चर्च मूळ जागेवरून हलवून सुरिस नदीकाठी नेलंय, त्याचं आता छोटं नाट्यगृह झालंय. बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. वारा असा की डोळ्यांतून पाणी थांबेना. चहूबाजूंनी सपाट, दूरवर एखादं शेतघर, त्याच्याकडे गेलेली विजेची तार.

पोराला पायरीशी उभं करून त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्याने जॅकेट वर करून व्रणावर हात ठेवला आणि विचारलं, "तिलाही गाडीत दुखायचं थांबलं होतं का?" मग म्हणाला, "तिच्याकडे गाडी होती का?"

तिरपा डोळा, तुम्ही म्हणालात म्हणून त्याला वुड्रो लॉईडचंही नाव सांगितलं. घरी येऊन त्याने वहीत दोन्ही नावं लिहून ठेवलीत.

तिरपा डोळा

ताई, पोराला माझा आशीर्वाद सांगा.

हाडवैद्य_नागपूर

अपेंडिक्स फुटल्यावर पोटात आतून चिकटे राहू शकतात, कधीकधी वर्षानंतरही त्रास देतात. पोट फुगून उलट्या झाल्या तर घरी थांबू नका, तडक दवाखान्यात न्या. कार्ड आहेच.